याचं माणूस कोण?

"अख्खं शहर कुठे पळालं हो?" भर दुपारी, रिकाम्या गल्लीत त्याने विचारलं.

मी दारात अननस सोलत होते. मान वर केली. खांद्याला पिशवी, पापण्यांवर लाल धूळ, आणि हसू असं की सुरी बोटावरच चालायची!

"पळालं नाही, दारांआड भिंतींना चिकटलंय," मी म्हटलं. "आज पोर्तो-नोव्होत आमची मेलेली माणसं घरी येतात. तुम्हीही चिकटा."

"तुमच्या शेजारी... चालेल?"

"आधी नाव सांगा."

"बिराम. डाकारचा. संध्याकाळच्या गाडीने परत."

परत म्हणे! मला उगाचच राग आला.

तेवढ्यात ढोल घुमले, दारादारांत माणसं डोकावली. गल्लीच्या टोकाला पितर आला होता — कवड्या-टिकल्यांनी मढलेल्या कापडांचा उंच ढीग. ना चेहरा, ना हात, ना पाय. वारा पडलेला, तरी कापडं गरगरत होती.

"मागे व्हा!" मी ओरडले. पण याच्या गावी वडीलधारं दिसलं की पुढे होऊन हात मिळवतात... हा गेला की पुढे! कापडाची किनार मनगटाला लागली आणि तो कोसळला.

ढोल थांबले. पितराबरोबर चालणाऱ्या काठीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "याचं माणूस कोण?"

पितराचं कापड लागलेल्याला घरच्याच माणसाने हाक मारून परत आणायचं. नाहीतर पितर त्याला घेऊन जातो. कोणी पुढे येईना. बिरामचे ओठ राखाडी पडले.

मी पाऊल उचललं तशी घरातून धावत आलेल्या मावशीने दंड धरला. "अडुके, वेड लागलंय? पितरापुढे खोटं बोललं की जीभ काळी पडते, ठाऊक आहे ना!"

ठाऊक होतं. पण तो असाच गेला असता तर... मला सोसवलं नसतं.

"माझा आहे," मी म्हटलं. "होणारा नवरा. बिराम, ऊठ!"

कापडांच्या आतून घोगरा आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. "पुन्हा."

"माझा आहे!"

त्याने डोळे उघडले. कापडं वळली, गल्लीतून निघून गेली. मागे धुळीत एकही पाऊल उमटलं नव्हतं.

"पडल्या पडल्या सगळं ऐकलं मी," तो पुटपुटला. "खरं होतं... ते?"

मला तरी कुठे ठाऊक होतं! मी ओठ घट्ट मिटले. अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जीभ काढ," मावशी म्हणाली.

मी डोळे मिटून जीभ काढली. मग अगदी जवळून बिरामच हसला.

"गुलाबी आहे," तो म्हणाला.