अठरावं खोपटं

गळाला असा काही हिसका बसला, की आइली कोस्केला बादलीवरून उठून उभीच राहिली. दिवेलागणीची वेळ, तळ्यावर फूटभर जाडीचा बर्फ, त्यात पाडलेलं वीतभर भोक... आणि वॉलाय मासा चरायला निघतो तो नेमका याच वेळी, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तिने दोरी ओढली. खालून कुणीतरी ओढली. तिने पुन्हा ओढली, तर खालच्याने दुप्पट जोराने ओढली. आणि मग दोरी एकदम सैलच पडली.

शेजारी बर्फावरच ठेवलेल्या मासेमारीच्या हिरव्या खोपट्यातून पुरुषी आवाज आला, "आला, आला... बापरे, केवढा हा!"

आइलीने तीन ढांगांत जाऊन दार उघडलं. आत शेगडीच्या उजेडात एक उंच माणूस गुडघ्यांवर बसला होता. हातात हातभर लांबीचा वॉलाय, मांजरासारखे चकाकणारे डोळे... माशाचे हो, माणसाचे नंतर दिसले.

"अहो, तो मासा माझा आहे."

"माझ्या भोकातून आलाय."

"आणि तोंडात गळ कुणाचा? तो लाल मणी बघा. माझ्या बाबांनी रंगवलाय तो."

त्याने माशाचा जबडा उघडून मणी पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "पण त्याच्याभोवती गुंडाळलीय ती दोरी माझी. तिचं काय करायचं?"

"या तळ्यावर गळ ज्याचा त्याचा मासा. आणि दुसऱ्याच्या भोकाला खेटून कुणी गिरमिट चालवत नाही. नॉर्वेजियन लोकांत चालवतात वाटतं?"

"मी नॉर्वेजियन, हे कुणी सांगितलं?"

"दारावर रंगवलंय की. नेल्स ओडेगार्ड." बर्फावर खोपटं ठेवायचं तर मालकाचं नाव बाहेर रंगवावं लागतं, इथला कायदाच आहे.

"मग तुम्ही फिनिश असणार," तो गंभीरपणे म्हणाला. "पण फिनिश माणसं म्हणे बोलत नाहीत. तुम्ही तर थांबतच नाही आहात."

त्याचं अर्धंच खरं होतं. भांडताना आइलीला शब्द कधी कमी पडले नाहीत. मनातलं सांगायची वेळ आली, की मात्र तोंडाला कुलूप. कोस्केलांच्या घरात सगळे असेच. तिच्या वडिलांनी, आर्वोने, तिच्या आईला मागणी घातली ती कशी, तर तिच्या दारात हिवाळाभर पुरतील एवढी लाकडं फोडून रचली आणि घरी निघून गेला. आई बिचारी शहाणी होती, समजली.

मासा त्यांनी तिथेच शेगडीवर तळला, निम्मा निम्मा. शेपटीचा तुकडा शेवटी उरला तेव्हा दोघंही "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत बसले, आणि तो थंड होऊन गेला.

नेल्स लाकडाच्या गिरणीत नवी करवत बसवायला आला होता. जानेवारी संपला की काम संपणार आणि पुढचं काम मोंटानात. संध्याकाळी खोलीवर भिंती खायला उठतात, म्हणून त्याने ते जुनं खोपटं विकत घेतलं होतं. आइली आणि आर्वो तळ्याकाठी आमिषाचं दुकान चालवायचे, बर्फावरचा रस्ता साफ ठेवायचे आणि लोकांच्या खोपट्यांची देखभाल करायचे. त्या वर्षी सतरा खोपटी त्यांच्याकडे होती. नेल्सचं अठरावं.

मग काय... आइलीला रोज दिवेलागणीला अठराव्या खोपट्यात काहीतरी तपासायचं असायचं. कधी शेगडीची नळी, कधी दाराची बिजागरी. सोबत वेलचीचा पाव असायचा, तोही म्हणे घरी उरलेला. ताकाला जाऊन भांडं लपवणं याहून वेगळं काय असतं? 'अहो' कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

"बिजागरी आज तिसऱ्यांदा बघतेयस," नेल्स एकदा म्हणाला.

"जुनी आहे. भरवसा नाही."

"माझ्या भुवईवर बर्फ साचलाय, तो पण बघणार का? देखभालीत बसत असेल तर..."

तिने हातमोजा काढला, अंगठ्याने त्याची भुवई पुसली, आणि हात काढायला जरा उशीरच केला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, गळ पाण्यात सोडून, भोकात बघत तो म्हणाला, "गिरणीवाले म्हणतायत, इथेच राहा. शनिवारपर्यंत सांगायचंय. नाहीतर रविवारी निघायचं." मग म्हणाला, "तुला... काय वाटतं?"

राहा. एवढंच तर म्हणायचं होतं. दोन अक्षरं. आणि तिने तोंड उघडून म्हटलं काय, तर, "इथे थंडी फार असते."

"हो," नेल्स म्हणाला. "ते लक्षात आलंय." निघताना म्हणाला, "मग शनिवारी खोपटं काठावर ओढून देशील? नाव माझं रंगवलेलं, बर्फावर टाकून जाता येणार नाही; ते काठावर लागलं की मी मोकळा."

घरी येईपर्यंत आइलीने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की तेवढ्या सबंध आयुष्यात कुणाला घातल्या नव्हत्या.

बुधवारी ढीगभर हिम पडलं. हिमाच्या वजनाने बर्फ दबला आणि भेगांतून पाणी वर आलं. रेडिओ सांगत होता, उद्यापासून कडाक्याची थंडी, उणे पस्तीस. अशा वेळी काय करायचं ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. जॅक लावून खोपटं उचलायचं आणि खाली लाकडी ठोकळे सरकवायचे. नाहीतर त्या पाण्याचा बर्फ होतो आणि खोपटं बुडातून चिकटून बसतं. मग दहा बैलही ते हलवू शकत नाहीत.

आइलीने सतरा खोपटी उचलली. अठराव्यापाशी आली आणि पिकअपमध्येच बसून राहिली. ठोकळे मागे होते. जॅक शेजारच्या सीटवर होता. खोपट्याखाली पाणी काळं चमकत होतं. ओढता आलं नाही, तर तो रविवारी कसा जाईल? फार तर चार दिवस जाणं लांबेल... चार दिवसांत आपण बोलू. नक्की बोलू. तिने गाडी वळवली.

गुरुवारी सकाळी आर्वो पावाला लोणी लावता लावता म्हणाला, "गाडीत चार ठोकळे आहेत."

"जास्तीचे होते, बाबा."

"तीस वर्षांत मला कधी जास्तीचे झाले नाहीत," आर्वो म्हणाला आणि पाव खाऊ लागला.

शनिवारी साखळी लावून पिकअपने ओढलं. चाकं जागच्या जागी फिरली, साखळी ताणली, खोपटं तसूभर हललं नाही. दोघं परत आली, तर दुकानात कॉफी पीत बसलेल्यांना तेवढंच हवं होतं. म्हातारा वेइक्को तर खूशच झाला. "काय आर्वो, तुझ्या पोरीचं लक्ष हल्ली कुठे असतं? उद्या माझंही खोपटं तळ्याला जोडून ठेवेल."

आर्वो गल्ल्यामागे नाणी मोजत राहिला. इतक्यात दारात उभा असलेला नेल्स हसून म्हणाला, "तिला काय बोलता? मीच म्हटलं होतं, माझे ठोकळे मी लावतो. आणि विसरलो."

"नॉर्वेजियनच तो!" दुकान हसलं. नेल्सही हसला, त्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि एकटाच तळ्याकडे चालू लागला.

त्याने असलं काहीही म्हटलं नव्हतं. तिची चूक झाली असं समजून त्याने ती स्वतःच्या अंगावर घेतली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात... आइलीच्या मनात तर भर दुपार झाली होती. तिने दुसरी पहार उचलली.

थंडी अशी, की श्वास घेतला तर नाकातले केस गोठत होते. नेल्स खोपट्याच्या कडेने बर्फ फोडत होता. ती दुसऱ्या बाजूने लागली. तासाभरात दोघांचा मिळून जेमतेम एक कोपरा मोकळा झाला. नेल्सने टोपी मागे सारून घाम पुसला, आणि तिला दिसलं, त्याच्या कानाची पाळी पांढरी पडली होती.

"हलू नकोस." तिने हातमोजा काढून फेकला आणि तळहात त्याच्या कानावर दाबून धरला. अशा गोठू लागलेल्या कानाला ऊब देतात, चोळत नाहीत. निदान पाच मिनिटं तरी असं उभं राहावं लागतं. पाच मिनिटं म्हणजे फार झाली. तो इतका जवळ होता, की त्याच्या पापण्यांवरचं हिम तिला मोजता आलं असतं.

"या थंडीत तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "विसरतं माणूस. अठरा खोपटी म्हणजे काय थोडी आहेत?"

"मी विसरले नव्हते."

"मग?"

"इथे आले होते. ठोकळे घेऊन आले होते..." आता तिला काहीच कशावर ढकलायचं नव्हतं. "मुद्दाम लावले नाहीत. खोपटं अडकलं तर तू जाणार नाहीस, म्हणून. आणि तू सगळ्यांसमोर माझ्यासाठी खोटं बोललास, तुझा कान गेला असता... मला नाही बोलता येत रे, नेल्स. पण तू जाऊ नकोस. मला तू हवा आहेस इथे."

नेल्सने तिचा कानावरचा हात काढला, दोन्ही हातांत धरला आणि नुसता बघत राहिला. तिला वाटलं, आता हा रागावेल. मग तो खाली वाकला, तिचा हातमोजा उचलला, झटकला आणि एकेक बोट नीट सरळ करत तिच्या हातात घातला.

"आइली, मग हे आपण फोडतोय कशाला?"

"मार्चमध्ये... बर्फ वितळायच्या आत काढावंच लागतं. कायदा आहे."

"मग मार्चमध्ये बघू," नेल्स म्हणाला. त्याने दोन्ही पहारी एका खांद्यावर टाकल्या, दुसऱ्या हाताने तिचा हात धरला, आणि गिरणीला फोन करायला दोघं दुकानाकडे निघाले.