मुंगसाच्या केसांचा ब्रश

"मी या ब्रशला हात लावणार नाही म्हणजे नाही!" ठमीने ब्रश टेबलावर आपटला.

सुट्टीत ठमी आणि तिचा धाकटा भाऊ बटाट्या मामाकडे आले होते. मामाचं चित्रकलेच्या सामानाचं दुकान होतं. मामेभाऊ चष्मिशसोबत दोघंही दुपारभर तिथेच रंगात लडबडलेले असायचे.

"अगं, सगळ्यात भारी माल आहे तो!" मामा वैतागला. "रंग काय धरतो! टोक बघ, सुईसारखं! चित्रकार शोधत येतात."

"पण केस कुणाचे?"

"नायलॉनचे. ब्रशवाला तसंच सांगतो."

चष्मिशने ब्रश डोळ्यांजवळ नेला. "बाबा, प्रत्येक केस खाली काळा, मध्ये पांढुरका, वर पुन्हा काळा. आपल्या मागच्या माळावरच्या मुंगसांसारखा! आणि हल्ली ती दिसतात कुठे?"

ठमीने एक केस उपटून मेणबत्तीवर धरला. तो वितळला नाही, चुरचुरत जळाला. केस जळल्याचा घाण वास सुटला.

"शी! म्हणे नायलॉन!" बटाट्याने नाक दाबलं.

मामा ओशाळला, पण हटेना. "हे बघा, माणूस पूर्वीपासून थंडीत कातडी पांघरतोय, केसांचे ब्रश करतोय. मी थोडाच मुंगसं मारायला गेलो होतो?"

"विकत घेणारे आहेत म्हणून मारणारे आहेत!" ठमी उसळली.

"उलट बोलू नकोस!"

"बोलणार! ब्रशवाला आज येणार आहे ना? तू पडद्यामागे उभा राहा आणि नुसतं ऐक."

मामाने कपाळाला हात लावला. पण ब्रशवाल्याची स्कूटर वाजली, तसा तो मुकाट्याने पडद्याआड गेला.

"मामा बाहेर गेलाय," बटाट्या साळसूदपणे म्हणाला. "काका, आमच्या शाळेमागे खूप मुंगसं आहेत!"

ब्रशवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "मोठी आहेत का? पिल्लांच्या शेपटीत काही निघत नाही रे."

"पण तुमचे ब्रश तर नायलॉनचे!"

"ते गिऱ्हाइकाला सांगायचं असतं! तुझा मामा कधी विचारतो का?"

पडदा सर्रकन सरला. मामाचा चेहरा लालबुंद झाला होता!

ब्रशवाला स्कूटरकडे धावला. स्कूटरच्या मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं, आणि समोर ठमी उभी होती.

"किल्ली शोधताय?" तिने मूठ वर केली.

"दे इकडे, नाहीतर थोबाड फोडीन!"

"नाही देणार!"

त्याने हात उगारला. तो मामाने वरच्या वर पकडला. "माझ्या भाचीला हात लावून तर बघ!"

चष्मिशने आधीच वनखात्याला फोन केला होता. खात्याच्या अधिकारीण बाई जीप घेऊन आल्या. गोणपाट काढलं, तर पिंजऱ्यात तीन मुंगसं एकमेकांना चिकटून बसली होती. ब्रशवाल्याची रवानगी जीपमध्ये झाली. मामाने दुकानातले ते सगळे ब्रश स्वतः आणून अधिकारीण बाईंच्या हवाली केले.

"मी विचारायला हवं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "पोरांनी विचारलं."

पिंजरा माळावर नेला. "शाब्बास!" अधिकारीण बाई म्हणाल्या. "मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही..."

"शाबासकी नंतर द्या," ठमी म्हणाली, "आधी पिंजरा उघडा!"

बाई खो खो हसल्या आणि त्यांनी दार वर ओढलं. तिन्ही मुंगसं सुसाट झुडपात घुसली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.