काचेतली हरणं

भागोजी झोरेने काळी घोंगडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवली, तेव्हा रोपवेची ट्रॉली खडकाच्या अगदी जवळून जात होती. आकाश स्वच्छ होतं. आतली माणसं काचेला चिकटली, हसली, त्यांनी हात हलवले. भागोजीचा जीव भांड्यात पडला.

वाघरकड्याच्या रोपवेचा मधला खांब या धनगरवाड्याच्या गायरानात उभा आहे. ती जागा देताना वाड्याने बदल्यात एकच गोष्ट मागितली होती. वाड्याला रस्ता नाही आणि कड्याच्या आडोशाला फोन लागत नाही. तेव्हा कोणी अडलं-नडलं तर खडकावर घोंगडी हलवायची. ट्रॉलीतल्या मदतनिसाने हात वर केला म्हणजे निरोप पोचला. मग पुढची ट्रॉली खांबाजवळच्या ओट्याशी थांबणार आणि माणसाला खाली दवाखान्यात नेणार. हात वर झाल्यावर जागेवरून हलायचं नाही, नाहीतर चुकामूक व्हायची. साप चावलेली, कड्यावरून घसरलेली कितीतरी माणसं अशी वाचली होती.

त्या सकाळी भागोजीच्या बायकोला, सगुणाला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त जात होतं.

“हात केला त्येंनी,” भागोजीची आई गंगूबाई म्हणाली. “तिला ओट्यावर आणा. आता कुठं हलायचं न्हाई.”

सगुणाला ओट्यावर टेकवून बसवलं. ट्रॉली आली आणि न थांबता गेली. दुसरी आली, तीही गेली. प्रत्येकीतून हात मात्र हलत होते. आत जागा नसेल, पुढची थांबेल, असं म्हणत गंगूबाई सुनेच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. या वाट बघण्यात सकाळ गेली. शेवटी भागोजीने शेजाऱ्यांना हाका मारल्या, डोली बांधली आणि पायवाट धरली. मूल वाटेतच जन्मलं. ते रडलं नाही. सगुणा वाचली, एवढंच.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर भागोजी वरच्या स्टेशनात गेला. मॅनेजर निनाद पोतनीस यांनी त्याला बसवलं, चहा मागवला, वाईट वाटल्याचं सांगितलं. नव्या ट्रॉल्या यंत्रच चालवतं, त्यामुळे आता मदतनीस ठेवत नाहीत, असंही सांगितलं. वाड्याला हे कळवायचं राहून गेलं म्हणे. पाहुण्यांच्या जेवणात कोणती चटणी असावी यावर मात्र कंपनीने तीन बैठका घेतल्या होत्या.

“मदतनीस नव्हता, पर मानसं हुती की आत,” भागोजी म्हणाला. “आमच्याकडं बघून हात केला त्येंनी.”

“त्यांना तुम्ही दिसलाच नाहीत,” पोतनीस म्हणाले आणि दाखवायला म्हणून त्याला उतरणाऱ्या ट्रॉलीत घेऊन बसले.

बाहेर दाट धुकं होतं. आत खिडक्यांतून उन्हात न्हालेली दरी दिसत होती. पोतनिसांनी अभिमानाने सांगितलं, की ही दर्शनकाच. ट्रॉलीच्या पोटातले कॅमेरे धुक्याआडची ऊब टिपतात आणि त्यावरून यंत्र काचेवर स्वच्छ चित्र रंगवतं. पावसाळी डोंगर बघायला यायचं आणि धुकं दिसलं म्हणून पैसे परत मागायचे, अशा पाहुण्यांची ही सोय. इथवर ठीक होतं.

मधला खांब आला. भागोजी काचेपाशी सरकला. वाड्याच्या जागी गर्द झाडी होती. घरं नाहीत, मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या वाघुरी नाहीत, लाकडांच्या मोळ्या नाहीत. खडकावर चार-पाच हरणं होती. उभ्या जन्मात त्याने या डोंगरावर हरीण पाहिलं नव्हतं. गंगूबाई या वेळेला खडकाच्या टोकाशी लोकर विंचरत बसते, आणि नेमकं तिथेच एक हरीण बसलं होतं.

“माझी आई कुठाय?” त्याने विचारलं.

पोतनिसांनी नजर चुकवली. “पत्रे, धूर, प्लॅस्टिक दिसलं की पाहुणे नाराज होतात. म्हणून काच वस्ती झाकते. हलणारं माणूस नुसतं पुसलं तर चित्र थरथरतं, म्हणून तिथे हरीण घालते. लोकांना फार आवडतं.”

ज्यांच्या रानात खांब पुरला, त्यांनाच चित्रातून हाकलून लावलं होतं. वर त्यांची जिवाच्या आकांताने चाललेली धडपड तिकिटात विकली जात होती. धुकं नसताना, उन्हातसुद्धा काच हेच चित्र दाखवत होती! त्या दिवशी साधी काच असती, तरी सगळं लख्ख दिसलं असतं.

पोतनिसांकडे उपाय तयार होता. यापुढे घोंगडी हलली की कंट्रोल रूममध्ये घंटा वाजेल. ट्रॉली थांबेल.

“आन् हितं?” भागोजीने काचेवर बोट टेकवलं.

“इथे हरीणच दिसेल. तुमचं काम झाल्याशी कारण.”

समोरच्या बाकावरची एक बाई मघापासून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “आम्ही गेल्या महिन्यातही आलो होतो. एक हरीण सारखं उड्या मारत होतं. आम्ही सगळ्यांनी त्याला हात केले. व्हिडिओ आहे माझ्याकडे.”

“त्यो मीच,” भागोजी म्हणाला. “बायको अडली हुती.”

बाईने चेहरा झाकला. बाकीचे पाहुणे आपापल्या फोनकडे बघू लागले. ट्रॉली वाडा ओलांडून खाली उतरत होती. ओढ्याच्या काठी, जिथे ना वस्ती होती ना घंटा वाजवणारी घोंगडी, तिथे एकच हरीण आडवं पडलं होतं आणि मधूनच मान उचलत होतं.

बाईने ते बघितलं. मग पोतनिसांकडे वळून तिने विचारलं, “ते कोण आहे?”