गार वाऱ्याचा पहिला पाऊण तास

"ताई, हे गवत वाळलेलं असलं की नाकात बसतं, भिजलं की छातीत बसतं," असं हसीनाबी शेखनं अमृजा निमसेला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. अमृजा वायुवेधशाळेत शास्त्रज्ञ होती, हसीनाबी तिथल्या गच्चीवरचं गवत कापायला यायची. अमृजानं तिला खुर्चीवर बसवलं, पडद्यावर परागकणाचं चित्र दाखवलं आणि समजावलं, की हा कण केसाच्या निम्म्या जाडीचा. एवढं धूड नाकातच अडकतं, छातीपर्यंत पोचत नाही. हसीनाबीनं चित्र नीट पाहून घेतलं. "चित्रातलं गवत कोरडं आहे," एवढंच म्हणून ती विळा उचलून निघून गेली. अमृजाला तेव्हा हसू आलं होतं.

सीनापूर हे गारव्यासाठी बांधलेलं शहर. पठारावरचा उन्हाळा लांबत लांबत दिवाळीला टेकला, तेव्हा इथल्या भिंतींवर आणि गच्च्यांवर शीततृण लावलं गेलं. पानांतून सतत ओलावा सोडून घर थंड ठेवणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं गवत. घराघराला स्वयंखिडक्या बसल्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा चार अंशांनी गार झाली, की त्या आपोआप उघडत. हातानं लावायची कडी त्यांना नव्हतीच. आश्विनात गवताला तुरे येत, शहरातला दर चौथा माणूस शिंकत असे, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

आज दिवाळी चार दिवसांवर होती, पारा सदतीसवर, आणि उत्तरेकडून शीत आघाडी येत होती. थंड, जड हवेची ही भिंत पुढची गरम हवा वर उचलून पाऊस पाडत सरकते. सीनापुरात ती पाच वीसला पोचणार होती. शहर खुशीत होतं. अमृजा नव्हती. काल याच आघाडीपुढची एक सर उत्तरेकडच्या उपनगरावर पडली होती, आणि सात मुलं धाप लागून इस्पितळात आली होती. त्यांतल्या एकालाही दमा नव्हता.

तीन वाजता तिनं तीन वर्षांपूर्वीच करायला हवी होती ती गोष्ट केली. काचपट्टीवरच्या कोरड्या परागकणांवर पाण्याचा एक थेंब सोडला, आणि वेधशाळेच्या प्रमुखांना, डॉ. उपासनींना, बोलावून आणलं. ते भिंगातून बराच वेळ पाहत राहिले.

"फुटला," ते म्हणाले.

"ओलावा शोषून फुगतो आणि फुटतो, सर. एकाचे सातशे तुकडे. प्रत्येक तुकडा इतका बारीक, की थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. वर उडालेले कण ढगात भिजून फुटतात, आणि खाली कोसळणारा थंड वारा ते तुकडे आणून आपल्या तोंडाशी ओततो."

"पण पाऊस हवा धुतो ना?"

"धुतो. पाऊण तासानं. वारा आधी येतो."

उपासनी माणूस वाईट नव्हते, नियमाचे होते. त्यांनी सांगितलं, की इशारा फक्त रुग्णनोंदीतल्या अडतीस हजार दमेकऱ्यांना जातो. साऱ्या शहराला पाठवायचा तर समितीची सही लागते, आणि समिती या क्षणी दिवाळी बाजाराच्या उद्घाटनाला मंचावर बसली आहे. "शिवाय लोकांना सांगायचं काय, निमसे? तीन महिने ज्याची वाट पाहिलीत तो वारा येतोय, तर घरात दडून बसा?"

"दमेकरी औषध जवळ बाळगतात. मरतील ते नुसते शिंकणारे. त्यांच्या घरात औषधच नसतं."

अमृजाची सहा वर्षांची मुलगी मिताली महिनाभर शिंकत होती. शाळेच्या अर्जावर 'काही विकार?' यापुढे अमृजानंच 'नाही' लिहिलं होतं. आणि आत्ता मिताली सोसायटीच्या अंगणात बारा सवंगड्यांबरोबर दिवाळीचा किल्ला बांधत होती. पाऊस आला की ही पोरं घराकडे नाही, प्लास्टिक घेऊन किल्ल्याकडे धावणार, हे अमृजाला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी तीही धावली होती.

रुग्णाची नोंद करण्याचा अधिकार मात्र तिला होता. ती यंत्रापुढे बसली आणि अकरा लाख रहिवाशांची अख्खी यादी उचलून रुग्णनोंदीत टाकली. यंत्रानं विकार विचारला. तिनं लिहिलं, शिंका.

"नोकरी जाईल," उपासनी म्हणाले.

"माझी जाईल. मी तुम्हाला विचारलेलं नाही, म्हणजे तुमची राहील."

चार चाळीसला इशारा गेला. सोसायटीच्या ग्रुपवर थट्टा सुरू झाली. कुणी भज्यांचं पीठ भिजवून बसलं होतं, त्यानं तळायलाही बंदी आहे का ते विचारलं. कुणाला वाटलं, मॅडमना लोकांचं सुख बघवत नाही. पण लोक घरात गेले. निनादनं, तिच्या नवऱ्यानं, तेराही पोरांना वर नेऊन हॉलमध्ये कोंडलं. एक मुलगा किल्ला सोडून पळायला तयार नव्हता. त्याला, आपण पळत नाही, तह केलाय, असं पटवावं लागलं.

पाच दहाला रस्ते रिकामे झाले. पडद्यावर तापमानाची रेघ खाली वळली, आणि तेव्हा अमृजाच्या लक्षात आलं.

खिडक्या. घरांत एकतीस अंश होते. बाहेर सत्तावीस झाले, की शहरातली प्रत्येक खिडकी एकदम उघडणार होती. अकरा लाख माणसं तिनं स्वतः वाऱ्याच्या तोंडी नेऊन बसवली होती. उपासनींनी खिडक्यांच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथून लेखी आदेश मागितला गेला.

बाहेरच्या तापमानासाठी साऱ्या खिडक्या एकाच मुख्य तापमापकाचं ऐकत, आणि तो याच इमारतीच्या गच्चीवर होता. अमृजा चार जिने धावत चढली. वारा आलाच होता. पांढऱ्या जाळीच्या पेटीतून तिनं वायरीसकट बोटाएवढी नळी ओढून काढली आणि कणकणलेल्या मितालीच्या काखेत थर्मामीटर धरते तशी स्वतःच्या काखेत दाबून धरली. फोनवर आकडा एकोणतीसवर थबकला. मग चढू लागला. तेहतीस. छत्तीस.

मागून उपासनी आले. हातात रेनकोट आणि दोन मास्क.

"हा नोंदीत फेरफार आहे, निमसे."

"हो सर. वेळ लिहून ठेवा. पाच तेवीस."

त्यांनी खरंच लिहिली. मग रेनकोट उघडून तिच्या डोक्यावर धरला.

पुढचा पाऊण तास सीनापूरची हवा अधिकृतपणे एका आईच्या अंगाइतकी गरम होती. भोवती पंचवीस अंशांचा वारा सुटला होता, पाऊस आडवा मारत होता, आणि शहरातली एकही खिडकी हलली नाही.

सहा आठला हवेतले तुकडे ओसरले. तिनं नळी काढली, आणि सगळ्या खिडक्या एकदम उघडल्याचा आवाज गच्चीपर्यंत आला. तिनं घरी फोन लावला.

"मिताली, बोल काहीतरी."

"आई तुझ्यामुळे आमचा बुरूज वाहून गेला आणि बाबांनी प्लास्टिक उलटं टाकलं आणि सगळी पोरं मलाच बोलतायत आता तूच येऊन बांधून द्यायचा."

मधे एकदाही श्वासाला थांबणं नाही. "येते, बांधून देते," अमृजा म्हणाली.

नोंद ताबडतोब रद्द करा, असा समितीचा निरोप आला होता. रद्द करण्याआधी तिनं त्याच यादीला आणखी एक संदेश पाठवला.

'चाळीस हजार जणांनी पहिला इशारा उघडलेलाच नाही. कुणी गच्चीत वाळत घातलेले कपडे काढत असेल, कुणाचा फोन बंद असेल. त्यांतलं एक जण तुमच्याच जिन्यात राहतं. पाऊस नंतर पाहा, आधी ते दार वाजवा. लांबलचक बोलायला लावा. जेवायला काय केलंय, दिवाळीला कोण येणार आहे, काहीही विचारा. बोलताना मधेच श्वासाला थांबावं लागलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. आणि आतून नुसतं "बरंय" आलं, तर तेवढ्यावर परत फिरू नका.'