बोटभर उघडी पेटी

खट्.

दुपारच्या सामसुमीत पेटीची पितळी कडी आपटली. संयोगिताचा लिहिता हात थांबला. चटईवर चार वर्षांची क्रांती निजलेलीच होती.

मंगळवार पेठेतल्या त्या घरात दुपारचा एवढा तासच तिचा. लेक झोपली की ती दिवाळी अंकासाठी आफ्रिकेतल्या मोंबासा बंदराची हकीकत लिहायला बसे. इंग्रजांच्या अमलातलं बंदर. हस्तिदंत, कातडी, लवंगा. उत्तरेच्या वाऱ्यावर आलेली गलबतं वारा फिरला की घराकडे वळत. ज्यांची वेळ चुकली, ती वर्षभर तिथंच अडकत.

विषय दिला होता या पेटीनंच. तिच्या नवऱ्याचे, अमरसिंहचे पणजोबा गणपतराव १९३१ साली त्या धक्क्यावर मुकादम होते. ते परतले नाहीत. पेटी तेवढी आली. तेव्हापासूनची घरची रीत अशी, की घरातलं माणूस पाण्यावर असेतो पेटी पुरती मिटायची नाही. झाकणाखाली लाकडाची बोटभर पाचर ठेवायची. अमरसिंह मालवाहू जहाजावर इंजिनात होता, आणि या खेपेला जहाज मोंबासालाच निघालं होतं.

मंगळवारी क्रांती ती पाचर चावत बसलेली दिसली. संयोगितानं ती काढून घेतली, फडताळावर टाकली आणि पेटी मिटून कडी घातली.

बुधवारपासून अमरसिंहचा फोन नव्हता.

गुरुवारी पेटीपाशी लवंगेचा वास आला, ओल्या दोरखंडाचाही. कडीवर पांढरं पुट चढलं होतं. तिनं जिभेला लावून पाहिलं. मीठ. समुद्र तर घाटाच्या पार पलीकडं.

आणि आज, शुक्रवारी, हा आवाज. कडी मात्र घातलेलीच होती.

"संयोगिता, पाचर कुठाय?" दारातून सासूबाई, आक्का, ओरडल्या.

"पोरगी चावत होती, आक्का."

"मग पोरीला खारीक द्यायची हुती की! बंदराची बुकं लिवतीस, आन् घरातली पेटी कशापायी उघडी ठेवायची, त्ये इचारलं न्हाईस कधी. माझं लेकरू पाण्यावर हाय, आन् तू दार लावून बसलीस व्हय?"

संयोगितानं कडी काढली. झाकण उचलताना दोन्ही हात लागले. आत क्रांतीची बाळपणची झबली होती. पिळून काढावीत इतकी भिजलेली.

तिनं फडताळावरची पाचर आणून झाकणाखाली सरकवली.

दिवेलागणीला फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"संयू, लागलो बघ धक्क्याला! तीन दिवस इंजिन चालू, पण जहाज जाग्यावरनं हलंना. कॅप्टन पार येडा झालता."

"तुम्ही बरे आहात ना?" तिनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय! अगं, गंमत ऐक. धक्क्यावर एक म्हातारं भेटलं. डोस्क्याला आपला फेटा. मला म्हणतंय, 'पेटी उघडी हाय न्हवं रं?'"

आक्कांनी पदर तोंडाशी नेला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, आई कधी मिटू देतीय व्हय? तर हसलं. 'मग निघतो मीबी,' म्हणालं. बघतोय तर कुणीच न्हाय. आपल्याकडचंच कोणतरी..."

फोन तुटला.

खोलीत लवंगेचा वास दाटला होता. पेटीच्या फटीतून फरशीवर थेंब पडला. मग दुसरा.

संयोगितानं पाचरेला हात घातला.

"काढू नगंस," आक्का पुटपुटल्या. "अमर घरला येईस्तोवर पाण्यावरच हाय."

तिचा हात तिथंच राहिला.

क्रांती कधी आली कळलंच नाही. ती पेटीशी उकिडवी बसली होती, फटीला कान लावून, मान हलवत. मग तिनं आईकडं पाहिलं.

"आई, म्हातारबाबा इचारत्यात, भाईर येऊ का? काय सांगू त्येंला?"