नव्वद दिवस न आठवलेले आवाज

‘गुंजन’. वजन दोन ग्रॅम. गाणी साठ हजार. ही चकती कानामागे चिकटवा आणि विसरून जा.

प्रतिस्पर्धी ‘रुणझुण’. वजन दोन ग्रॅम. गाणी पासष्ट हजार.

साताऱ्याच्या एका बाईंचे ग्राहकसेवेला पत्र : वन्संचा फोन आला. त्यांनी नाव सांगितले, तरी कुणीतरी फसवते आहे असे वाटून मी फोन ठेवला. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत.

टेबलाच्या खालच्या खणात एक ध्वनिमुद्रण. सहा सेकंद. ओवी राजहंस, वय नऊ. ती गेल्यापासून कुणी ऐकलेले नाही.

हे टेबल तिच्या वडिलांचे. सुधन्वा राजहंस, ‘गुंजन’चा मुख्य अभियंता. मेंदूतज्ज्ञ डॉ. शमीम मुकादमने त्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा टाकला.

“दोनशे अकरा तक्रारी. सगळ्यांना ओळखीचा आवाज परका वाटतोय.”

“बॅटरी असेल.”

“बॅटरी म्हणे! सुधन्वा, शाळेतल्यासारखं सांग बरं, साठ हजार गाणी असतात कुठे?”

“गिऱ्हाइकाच्या मेंदूत,” तो हसला. “ध्वनिकोठारात. चकती नुसती खूण देते, गाणं मेंदूच वाजवतो.”

“आणि त्या कोठारात जागा?”

“रिक्तशोधक शोधतो. जो आवाज बराच काळ आठवला नाही, तो अडगळ. त्यावर गाणं लिहायचं.”

“बराच काळ म्हणजे?”

“आधी एक वर्ष होतं. ‘रुणझुण’ पन्नास हजारांवर गेलं, मग आपण नव्वद दिवस केले. जवळच्या माणसांना काय धोका? ती रोजच आठवतात.”

“रोज भेटणारी आठवतात. वन्सं दिवाळीला फोन करतात.” शमीम खुर्चीत बसली. “आणि काही आवाज माणूस मुद्दाम आठवत नाही. सहन होत नाही म्हणून. शोधकाला तो फरक कळत नाही, सुधन्वा. न आठवलेलं म्हणजे त्याच्या लेखी नको असलेलं.”

सुधन्वाचे हसू गेले. हात कानामागे गेला. नवा नमुना बाजारात जाण्याआधी बनवणाऱ्यांनीच तो लावायचा, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा रिवाज. त्याने पहिल्या दिवसापासून लावला होता.

त्याने डोळे मिटले. ओवी दिसली. दप्तर, सुटलेली वेणी. तिचे ओठ हलले, आणि त्यावर लग्नाच्या वरातीतले एक गाणे वाजू लागले. स्वच्छ, खणखणीत, ताशासकट.

“परत आणता येईल?”

“नाही रे. तिथं आता गाणं आहे.”

त्याने खण उघडला. ध्वनिमुद्रण लावले.

“बाबा, माझी कंपासपेटी तूच घेतलीस ना? खोटं नको बोलू हं!”

आवाज गोड होता. कुणाच्याही मुलीचा असावा तसा.

फोन वाजला. विक्रीप्रमुख होते. “राजहंस, ‘रुणझुण’वाले सत्तर हजारांवर जातायत. आपली मुदत साठ दिवसांवर आणता येईल का हो? शुक्रवारपर्यंत कळवा.”

सुधन्वाने फोन ठेवला. कानामागची चकती सोलून काढली. मग मुद्रण पुन्हा लावले. पुन्हा लावले. नवे गाणे पाठ करावे तसा तो एकेक शब्द तिच्यामागून म्हणू लागला. शमीमने उठून दार लोटून घेतले.

नव्वद दिवसांची मुदत ज्या बैठकीत ठरली, ती सुधन्वाने बोलावली होती. ओवीला जाऊन तेव्हा ब्याऐंशी दिवस झाले होते. तितकेच दिवस त्याने तिचा आवाज मनात येऊ दिला नव्हता.