ओल्या रिमवरचा ब्रेक

रीनाची सायकल थांबली नाही, म्हणून ती थेट प्रफुलच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात शिरली. दारात टांगलेल्या टायरांवर आदळली, तेव्हा कुठे थांबली.

भाद्रपदातली भुरभुर सुरू होती. भिलाईतल्या नेहरू नगरच्या एका नर्सिंग होममध्ये सकाळची ड्यूटी करून ती रुआबांध्याला घरी निघाली होती. आठ तास उभं राहून पाय असे झाले होते, की ते आपलेच आहेत यावर विश्वास बसू नये.

"लागलं तर नाही, मॅडम?" टायरांमागून आवाज आला.

"मले नाही. ब्रेक बदलून द्या. या महिन्यात दोनदा बदलले, दुसरीकडे."

प्रफुलनं तिला स्टूल दिलं आणि समोर दोन ब्रेक मांडले. "हा कँटिलिव्हर, हा व्ही-ब्रेक. तुमच्या माउंटन बाईकवर दोन्ही बसतात. दाबून पाहा."

दिवसभर बीपीचा फुगा दाबून बोटं दुखत होती. व्ही-ब्रेक मात्र दोन बोटांतच मिटला.

"हाच. याले जोर कमी लागते."

"थकलेल्या माणसाचा ब्रेक आहे तो."

"मी थकलेली दिसून राहिली का?"

"दिसता… म्हणजे, छान दिसता. थकलेल्या पण…" तो घाईघाईनं चाकाशी वाकला आणि रिमवरून बोट फिरवू लागला.

मग त्यानं मगभर पाणी आणून रिमवर ओतलं, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. शेजारच्या सायकलवर तेच केलं. ते चाक जागीच थांबलं.

"ब्रेकचा दोष नाही. तुमची रिम स्टीलची आहे, ओली झाली की रबर घसरते. ॲलॉय लावा. ॲल्युमिनियमची."

रीना हसली, पण ते हसूही दमलेलंच होतं. "माहे बाबा पस्तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटात होते, रेल्वेचे रूळ बनवत. जुन्या रिम वाकल्या तर त्यांनीच या बसवल्या, हौसेनं. आमच्या घरात ॲल्युमिनियमचं पातेलंही येत नाही. बाबा म्हणतात, भिलाईवाल्यानं स्टीलवरच चालावं."

"मंग मी ब्रेक नाही बसवून देत."

"कावून? गिऱ्हाईक नको का?"

"हायवेवर ट्रक असतात. उद्या तुमी अशाच थांबल्या नाही तर…"

ती निघाली का, पोचली का, हे घरी रोज विचारायचे. ती थांबेल कशी, हे आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. रीनानं मान खाली घालून ओढणीनं हँडल पुसलं, उगीचच.

"इतवारी घरी या. बाबाले तुमीच सांगा," ती म्हणाली.

रविवारी तो आला, खांद्यावर ॲलॉयचं चाक अडकवून. रीना नुकतीच ड्यूटीवरून येऊन पायरीवर बसली होती, बूटही काढले नव्हते. तिचे बाबा, धोंडबा, अंगणातच होते.

"जय भीम, काका."

"जय भीम. प्लांटाच्या माणसाले स्टील शिकवाले आला का बे?"

"नाही. तुमीच दाबून पाहा."

धोंडबांनी पोरीची रिम ओली केली, ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. चाक थांबेना. मग आणलेलं चाक लावून पाहिलं. ते थांबलं. बराच वेळ ते आपल्या रिमवरून अंगठा फिरवत राहिले.

"रुळाले स्टीलच पाहिजे," शेवटी ते म्हणाले. "माह्या पोरीच्या चाकाले जे थांबते ते लाव." आणि मान वर करून, "एवढ्यासाठी चाक खांद्यावर घेऊन आला?"

प्रफुलनं रीनाकडे पाहिलं. "एवढ्यासाठीच नाही, काका."

धोंडबांनी बादली उचलली. "चाय मी मांडतो," म्हणत ते आत गेले.

एरवी रीना उठली असती. आज नाही उठली. आज पायरीवर टेकूनच राहावंसं वाटलं.

"उद्या… गाडीवर सोडून देऊ का ड्यूटीले?" प्रफुलनं हळूच विचारलं.

"नाही. माह्या सायकलनंच जाईन."

त्याचा चेहरा उतरला. तो पाहून तिला पहिल्यांदाच थकव्याचा विसर पडला.

"पण अडीचले सुटते मी," ती म्हणाली. "दोघांचा डबा दुकानात आणीन. तोवर जेवजो नको."